चव्वेचाळिसावी चावी

असोदा, २ एप्रिल २०२५

लीलाधर,

आशीर्वाद पाठवते आहे. ठेवून घ्यायचा की नाही ते तू बघ.

अक्षर ओळखलं असशील. अजून तसंच आहे, ओळ चढावर लागल्यासारखी वर जाते. तुझ्या मोबाइलचा नंबर आहे माझ्याकडे. तीनदा लावला. तीनदा तू माझा आवाज ऐकलास आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला धड खोटंही बोलता येऊ नये, कमालच आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. धुळ्यात देवपूरला संध्याकाळी तुझ्याकडे कॉलेजच्या मुली गणित विचारायला येतात, त्यांत एक उंच, चष्मेवाली ऋतिका आहे. ती माझी नात, हितेंद्रची मुलगी. तू गाव विचारलंस, तिनं असोदा सांगितलं. कोणाची विचारलंस, तिनं माझं नाव सांगितलं. मग तू म्हणे आत गेलास, तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आलास आणि तो स्वतःच पिऊन टाकलास. पोरगी हुशार आहे. त्याच दिवशी तिचा फोन आला, "आजी, तुझा हरवलेला भाऊ सापडला." मी म्हटलं, तो हरवलेला नाही, नव्वद किलोमीटरवर फुगून बसलेला आहे.

आता कामाचं. या तीस तारखेला आखाजी आहे, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. तू घरातून गेलास त्या वर्षीच्या आखाजीला मला न्यायला मुऱ्हाळी होऊन तूच आला होतास, सायकलवर. मी मागे बसले होते आणि मांडीवर सांजोऱ्यांचा डबा होता. त्यानंतर पन्नास आखाज्या झाल्या. गावातल्या सगळ्या सुनांना भाऊ न्यायला येतात आणि मी दारात उभी राहून त्यांच्या भावांना पाणी देते. याचं वाईट वाटतं. वाटत नाही असं मी म्हणत आले, ते खोटं आहे.

पण तुला बोलावते आहे ते माझ्या माहेरपणासाठी नाही. आबांसाठी. आबा गेले त्याला चौतीस वर्षं होतील. दर आखाजीला त्यांची नि माईची घागर मी भरते, आणि कुठे भरते ठाऊक आहे? मागच्या दारी. पुढचा उंबरा सासरच्या पितरांचा. सासूबाई म्हणायच्या, "माहेरचे पितर आमच्या उंबऱ्यावर काहून?" मी म्हटलं, बरं, मग मागचा उंबरा माझा. तिथे नवी घागर मांडते, वर डांगर (ऋतिका त्याला खरबूज म्हणते), सांजोरी, दोन आंबे, आणि आबांची तंबाखूची डबी भरून शेजारी. सगळं करते, फक्त उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढत नाही. आबांच्या नावाचं बोट त्यांच्या मुलानं ओढायचं असं मी पहिल्या वर्षीच ठरवलं. ती जागा तेव्हापासून कोरी आहे.

हितेंद्र वैशाखात मागची बाजू पाडून स्लॅब टाकणार आहे. मागचं दार बुजणार. त्याला मी एवढंच सांगितलं, की आखाजीपर्यंत पहारीला हात लावू नकोस.

तुझे दाजी खाटेवरून ओरडतात, "मास्तर येनार नाही. डांगर एकच आनजो." मी तीन आणणार आहे.

त्या मे महिन्यात तुझं आणि आबांचं काय बिनसलं ते मी उकरत नाही. मी सासरी होते, मला काही माहीत नाही.

तुझी,
अक्का

असोदा, ११ एप्रिल २०२५

लीलाधर,

उत्तर नाही. पण पत्र पोचलं हे कळलं. काल प्रमिलाचा फोन आला. इतक्या वर्षांत माझ्या भावजयीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. किती गोड बोलते रे! तुझं नाव न घेता 'त्या' म्हणते. म्हणाली, "अक्का, तुमना कागद ऊना. त्या चार-चार येळ वाचतस नि घडी करी ठेवतस. बोलतस काहीच नही. काय शे त्यामा? मना जीव घाबरस." मी तिला म्हटलं, घाबरू नको, आखाजीचं आमंत्रण आहे. बाकी तो सांगेल तेव्हा सांगेल.

तिनं एक गोष्ट मात्र सांगून टाकली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तू तिला एकदाही रेल्वेत बसवलं नाहीस. पुणं एसटी, नाशिक एसटी, मुलीच्या बाळंतपणाला नागपूर, तेही एसटी. ती समजते तुला गाडी लागते. रेल्वेच्या क्वार्टरात जन्मलेल्या माणसाला गाडी लागते!

आता ऐक. मागच्या पत्रात मी थाप मारली. मला सगळं माहीत आहे. त्याच दिवशी दुपारपासून.

ऋतिकेनं मला एक फोटो पाठवला होता, तुझ्या टेबलाचा. वह्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून एक वीतभर लोखंडाचा तुकडा ठेवलेला. तिनं विचारलं, "आजी, हे काय असतं? सर कोणाला हात लावू देत नाहीत." मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. मग ती घरी आली तेव्हा तिला शेजारी बसवून आबा कोण होते ते सांगितलं. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर, मास्तर तू आहेस.

मी सांगितलं, माझे आबा तोताराम, रेल्वेच्या गँगमध्ये चावीवाले. तेव्हा लोखंडी स्लीपर होते. रूळ धरून ठेवायला दर स्लीपरला चार चाव्या, म्हणजे लोखंडाच्या पाचरी. गाड्या जाऊन जाऊन त्या सैल होतात. आबा रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पिशवीत पाना, झेंड्या, चार जास्तीच्या चाव्या घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी चालायचे. हातोडा टेकवला की घट्ट चावी टणकन बोलते आणि सैल चावी बद्द. तुला नवव्या वर्षी डोळे मिटून ओळखता यायचं. आबा सगळ्या गँगला सांगत फिरायचे, पोराचा कान पाहा म्हणून.

आणि त्यांची शिस्त. बदलायला काढलेली चावी खडीत टाकायची नाही. स्लीपरच्या बाहेरच्या अंगाला रांगेत ठेवायची, चार-चार, डोकी एका बाजूला. म्हणजे उठताना एका नजरेत कळतं, राहिली का एखादी. संध्याकाळी घरी आले की ओट्यावर सामान मांडायचे. माई चुलीपुढून विचारायची, "पुरं?" ते म्हणायचे, "पुरं." मगच पाय धुवायचे. मी सासरी आले तेव्हा कितीतरी दिवस संध्याकाळी मला ते दोन शब्द ऐकू न आल्यानं करमत नसे.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात संप झाला. आबाही संपावर होते, हे तू विसरलास. सगळ्यांबरोबर पिशवी खुंटीला टांगून घरी बसले. बसवत नव्हतं त्यांना. उन्हानं रूळ ताणतो, पाहायला कोणी नाही, म्हणून सकाळी नुसतेच फिरून यायचे, हातात काठी. संप असला तरी पोलिसांच्या पहाऱ्यात एखादी गाडी जात होती, ते तुम्हा पोरांना कुठे माहीत होतं! चौथ्या दिवशी पहाटे त्यांना वळणावर चाव्या काढलेल्या दिसल्या. सलग अकरा स्लीपर.

ते धावत घरी आले, पिशवी, हातोडा नि लाल झेंडी घेतली, परत धावले. वय चव्वेचाळीस, पायात चप्पल नाही. चाव्या बसवत असताना त्यांच्याच गँगमधल्या कौतिकनानांनी त्यांना पाहिलं. नानांना दिसला तो एवढाच, संपाच्या चौथ्या दिवशी हातोडा मारणारा तोताराम. तासाभरात सगळ्या गँगमध्ये झालं, तोताराम फुटला, साहेबांचा माणूस झाला. आणि तू, सतरा वर्षांचा, नळापाशी सगळ्यांसमोर म्हणालास, "हा माझा बाप नाही." आणि मामाकडे धुळ्याला निघून गेलास.

आबा त्या दुपारी माझ्याकडे आले. असोद्यापर्यंत चालत. निंबाखाली बसले, दोन तांबे पाणी प्यायले. म्हणाले, "बेबी, चाव्या लीलानं काढल्या."

मी म्हटलं, "कशावरून? तुमी पाह्यलं?"

"पाहाले काय लागते? रांगेत मांडेल व्हत्या. चार-चार. डोके एका बाजूले. दुसऱ्या कोनाचं काम असतं त खडीत फेकल्या असत्या."

लीलाधर, रूळ उखडायला गेलास आणि चाव्या रांगेत मांडून आलास! तुझ्याबरोबर आणखी दोन पोरं होती म्हणे, ती पकडली गेली असती तरी त्यांनी तुझं नाव घेतलं नसतं, पण तुझा हात आबांना खडीतसुद्धा ओळखू आला. त्यांनी मला शपथ घातली, "कोनाले सांगजो नको. पोराले पोलीस नेतीन." एका वाक्यात ते सुटले असते. ते वाक्य ते कधीच बोलले नाहीत. चाव्या बसवून पाऊण तासानं गाडी गेली म्हणे. एका खिडकीत एक बाई लेकराला केळं सोलून देत होती, तेवढं मात्र ते मला दोनदा सांगून रडले.

त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी त्याच गँगमध्ये काढली. दुपारी भाकरी झाल्या की ते सवयीनं तंबाखूची डबी उघडून पुढे करायचे आणि कोणी तळहात पुढे करत नसे. माईला नळावर शेवटचा नंबर. आणि बक्षिसाचं म्हणशील तर ऋतिकेनं काढलेली झेरॉक्स सोबत आहे, त्यांच्या पेटीतल्या कागदाची. साहेबानं त्यांना विचारलं होतं, त्या दिवशी कामावर होतो असं लिहून दे, निष्ठावान म्हणून नाव लागेल. खाली आबांचं उत्तर वाच, अंगठा नाही, सही आहे. "मी संपावर होतो." म्हणून नोकरीत खंड पडला तो पडलाच. साहेबांच्या दप्तरी संपकरी आणि गँगच्या तोंडी फितूर, दोन्ही तेच.

माईनं रोज संध्याकाळी विचारलं, "पुरं?" त्यांनी पुन्हा कधी उत्तर दिलं नाही. नुसते पाय धुवायचे.

अकरा स्लीपरच्या चव्वेचाळीस चाव्या होतात. रांगेत त्रेचाळीस होत्या. आबांनी एक पिशवीतली घातली. चव्वेचाळिसावी तुझ्या टेबलावर आहे.

तीस तारखेला घेऊन ये.

अक्का

असोदा, २१ एप्रिल २०२५

लीलाधर,

हे पत्र लिहायला दहा दिवस लागले. तुझे दाजी म्हणाले, "आता काय उरलं सांगायचं?" उरलं आहे. मागच्या पत्रात मी तुझं सगळं काढलं, माझं झाकून ठेवलं. ते बरं दिसत नाही.

माई गेली तेव्हा तू आलास. खांदा दिलास, आबांकडे पाहिलंसुद्धा नाहीस आणि स्मशानातून परस्पर एसटी स्टँडवर गेलास. आबा घरी येऊन दार उघडं ठेवून बसले. त्यांना वाटलं तू पाय धुवायला तरी येशील. मी ते पाहिलं आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल जे काही होतं ते त्या संध्याकाळी आटलं.

पुढे पाच वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. माझ्याच घरी होते. जायच्या चार दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, आता शपथ सुटली. त्यांचे शब्द मी कधीच विसरले नाही, तसेच लिहिते.

"लीलाले सांगजो, चाव्या नीट काढेल व्हत्या. एकबी वाकडी नव्हती. एक कमी व्हती, तेवढी आनून दे म्हना."

एवढंच. राग नाही, काही नाही. बोलताना हसत होते रे. कामगार कामगाराबद्दल बोलतो तसं बोलत होते, पोराच्या हाताची तारीफ केल्यासारखं. मला तर त्यांचाच राग आला.

मी तुला तार केली ती फक्त ते गेल्यावर. "वडील वारले" एवढीच. तू आला नाहीस. तुझ्या दाजींनी अग्नी दिला. आणि तो निरोप मी ठेवून घेतला. मनात म्हटलं, ज्याला बापाचं तोंड पाहायला यायचं नाही त्याला बापाचा निरोप कशाला? स्वतःहून येईल, उंबऱ्यावर डोकं ठेवेल, तेव्हा देईन. दर आखाजीला ठरवायची, पुढच्या वर्षी कळवू. असं करता करता चौतीस वर्षं झाली. आबांनी माझ्या हाती पत्र दिलं आणि मी पोस्टमन होऊन ते दाबून बसले.

माझं चुकलं. तुला वाटत राहिलं असेल, आबांना कळलंच नाही. किंवा कळलं असेल आणि ते तुला शिव्या देत गेले असतील. यातलं कोणतं वाटून तू चाळीस वर्षं एसटीनं हिंडलास ते मला माहीत नाही. पण त्यातली चौतीस माझ्यामुळे.

आता हिशेब असा, की तू सतरा वर्षांचा असताना चुकलास आणि मी अडतिसाव्या वर्षी, दोन लेकरांची आई असताना. तर जास्त कोणाचं? मी तुला माफ कर म्हणते आहे, आणि मी हे कोणाला म्हणत नाही, दाजींना विचार.

राग आला असेल तर इथे येऊन कर. डांगरं सांगून ठेवली आहेत.

अक्का

असोदा, ३ मे २०२५

प्रिय प्रमिला,

आधी कामाचं. लीलाधर पुढच्या रविवारी मला न्यायला येतो म्हणाला आहे. आखाजी होऊन गेली, पण पन्नास वर्षांचं माहेरपण थकलं आहे, चार दिवस पुढे-मागे चालेल. मी तिखट खाते आणि मला पंखा लागतो. एवढी सोय कर.

आता तू फोनवर विचारलंस ते. "अक्का, त्या ऊनात, जेवनात, नि लेकरूना मायक झोपी गयात. काय व्हयनं तठे?" घरी येऊन जेवला नि लेकरासारखा झोपला, पण तो काही सांगत नाही म्हणालीस. माझ्या पत्रांतलं त्यानं तुला वाचून दाखवलं ते बरं केलं. पुढचं मी लिहिते. त्यानं इथे सगळ्यांसमोर सांगितलं आहे, त्यामुळे चोरीचं काही उरलेलं नाही.

आखाजीच्या दिवशी अकरापर्यंत मी पाच वेळा पुढच्या दारात जाऊन आले. दाजी म्हणाले, "आता नाही येत मास्तर. एसटी कव्हाच येऊन गेली." ते खरं होतं. धुळ्याची एसटी दहालाच येऊन गेली होती. मी मागच्या दारी जाऊन घागर मांडायला घेतली. हात चालत होता, पण मन कशातच नव्हतं. यंदाही बोट कोरंच राहणार आणि मग ते दार विटांनी बुजणार, एवढंच डोक्यात.

साडेअकराला ऋतिका ओरडत आली. तिच्यामागे तो. केस पांढरे, चाल आबांची. घामानं निथळलेला. दाजींना ऐकू कमी येतं, ते मोठ्यांदा म्हणाले, "कोन पाहिजे?" तो म्हणाला, "दाजी, मी लीला." दाजी म्हणाले, "मंग उशीर काहून?" पन्नास वर्षांनी आलेल्या मेव्हण्याला हे विचारणारा माणूस मी नवरा म्हणून सांभाळला आहे.

तर त्याला उशीर का झाला होता? त्यानं खिशातून तिकीट काढून माझ्या हातात दिलं. रेल्वेचं. धुळ्याहून पॅसेंजरनं चाळीसगाव आणि तिथून दुसरी गाडी धरून जळगाव. म्हणाला, "अक्का, खिडकीत बसलो होतो. त्या वळणावर डोळे मिटून घेतले." तुला त्यानं एसटीनं जातो असंच सांगितलं होतं ना? ही त्याची शेवटची थाप म्हणून सोडून दे.

मी त्याला घरात ये म्हटलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि विचारलं, "कौतिकनाना आहेत का?"

नाना आता पंच्याऐंशीचे आहेत. पलीकडच्या गल्लीत, नातवाकडे. मी म्हटलं, आधी जेव, मग जा. तो म्हणाला, आधी नाना. तेजस, माझा धाकटा नातू, त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला, मागोमाग त्यांचा नातूही आला. मागच्या दारी खाट टाकली. नानांनी लीलाधरला ओळखलं नाही. ओळख सांगितल्यावर चेहरा आंबट केला. "तोतारामचा? बोल."

प्रमिला, तुझा नवरा मास्तर आहे, पण त्या वेळी धडा पाठ न झालेल्या पोरासारखा उभा होता. म्हणाला, "नाना, संपात त्या वळनावरच्या चाव्या मी काढल्या व्हत्या. अकरा स्लीपरच्या. गाडी येनार हे मले माहीत नव्हतं. आबांनी त्या बसवल्या. मले वाचवाले बसवल्या आन गाडी वाचवाले. ते फुटले नव्हते. हे मी तव्हाच सांगाले पाहिजे व्हतं. तुमच्यासमोर बापाले बाप नाही म्हटलं, म्हनून तुमच्यासमोरच सांगतो."

 आत कुकर शिट्ट्या देत होता, तो बंद करायला कोणी हललं नाही. नाना घागरीकडे पाहत म्हणाले, "मी पाह्यलं तेवढंच सांगतलं रे सगळ्याले. हातोडा पाह्यला. काहून मारतो ते इचारलंच नाही." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेबी, ते तोतारामची डबी व्हय का?"

मी हो म्हटलं. दर वर्षी भरून ठेवते.

नानांनी खाटेवरून तळहात पुढे केला. डॉक्टरांनी त्यांना तंबाखू बंद केलेली आहे, त्यांच्या नातवानं तोंड उघडलंही, पण मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. लीलाधरनं डबी उघडली आणि त्या हातावर चिमूट ठेवली. अर्धी खाली सांडली. नाना ती मळत बसले, मळता मळता रडले. मीही रडले. चौदा वर्षं पुढे केलेली ती डबी मला दिसत होती आणि वाटत होतं, आबा, थोडं थांबायला हवं होतं.

मग तो उंबऱ्यापाशी बसला. रुमालातून चावी काढली. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर ठेवून ठेवून ती गुळगुळीत झाली आहे. हितेंद्र म्हणाला, आता सगळे सिमेंटचे स्लीपर, ही चावी कुठेच बसणार नाही. मी म्हटलं, इथे बसेल. त्यानं ती घागरीच्या बाहेरच्या अंगाला ठेवली, डोकं एका बाजूला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तसाच वळला.

कुंकवात बोट बुडवून त्यानं कोऱ्या जागेवर ओढलं. आबांचं नाव मोठ्यानं घेतलं, तोताराम, आणि शेजारी माईच्या नावाचं दुसरं बोट ओढलं. बोट सरळ आलं, त्याच्या ओळी नेहमीच सरळ यायच्या.

मी कुकर बंद करायला आत गेले होते. क्वार्टरात माईची चूल होती तशीच ही जागा, दारासमोर, फक्त इथे गॅस आहे. मागच्या दारात पाठमोरा बसलेला तो, हुबेहूब ओट्यावर सामान मांडून बसलेले आबा. माझ्या तोंडून माईच्याच सुरात निघून गेलं,

"पुरं?"

त्यानं चावीकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, उंबऱ्यावरच्या दोन बोटांकडे पाहिलं.

"पुरं," म्हणाला, आणि पाय धुवायला उठला.

तुझी नणंद,
बेबाबाई